मोत्याची वही : पाय काढल्यानंतर कुत्र्याच्या प्रकृतीची देखरेख

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कुत्र्याच्या दुखण्यावर लेख लिहावा, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. या विषयातील माझा अधिकार एवढाच की, ९ मार्च २०२४ ते १९ ऑक्टोबर २०२४ असे २२४ दिवस आमच्या घरी एका कुत्र्याची वही लिहिली गेली आणि ती आखून देण्याचे व तपासण्याचे काम माझ्याकडे होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलेले, मागाहून पुस्तकांतून पडताळून घेतलेले आणि वहीत प्रत्यक्ष उतरलेले असे जे आहे ते येथे देत आहे.

मोत्या मुधोळ जातीचा. आमचा मळा चिकोडी तालुक्यात आहे, त्यामुळे मुधोळचा कुत्रा असणे यात नवल काही नाही. मुधोळ संस्थानचे मालोजीराजे घोरपडे यांनी जोपासलेली ही शिकारी जात. पाय लांब, छाती खोल, कंबर बारीक. २०२४ च्या जानेवारीत, वयाच्या आठव्या वर्षी, तो पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागला. सशामागे धावताना पाय मुरगळला असेल, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवून टाकले. आजीने आंबेहळदीचा लेप लावला. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, चार दिवस बरे वाटले, पुन्हा लंगडणे सुरू झाले. असे सहा आठवडे गेले. तोपर्यंत मनगटाच्या वरच्या बाजूला टणक सूज आली होती आणि तेथे हात लावू देईनासा झाला.

या सहा आठवड्यांचा दोष मी कोणावर टाकीत नाही, कारण मुरगळल्याचे निदान आमचेच होते. परंतु वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे : मोठ्या चणीच्या कुत्र्याचे लंगडणे दोन आठवड्यांत गेले नाही, किंवा औषध थांबताच परत आले, तर त्या पायाचा क्ष-किरण फोटो काढून घ्यावा. मोत्याचा फोटो अखेर तीन तासांच्या अंतरावरील शहरात काढला, तेव्हा मनगटावरचे हाड एका बाजूने कुरतडल्यासारखे दिसत होते आणि दुसऱ्या बाजूने वेडेवाकडे नवे हाड उगवून आले होते. हाडाचा नमुना तपासणीला गेला आणि ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, हे नाव आमच्या घरात आले.

कुत्र्यांच्या हाडांत मूळ धरणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ८५ टक्के या एकाच प्रकारचे असतात. रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड यांसारख्या अवजड आणि ग्रेहाउंड, डिअरहाउंड यांसारख्या उंच जातींत तो अधिक आढळतो. जागाही ठराविक असतात. डॉक्टरांची एक जुनी खूण आहे : कोपरापासून दूर आणि गुडघ्याच्या जवळ. म्हणजे पुढच्या पायात खांद्यापाशी किंवा मनगटापाशी, मागच्या पायात गुडघ्याच्या वर किंवा खाली. मागच्या पायांपेक्षा पुढच्या पायांत तो जास्त दिसतो. माणसांतही हाच रोग वाढत्या वयाच्या मुलांना होतो, आणि पुष्कळदा गुडघ्यापाशीच.

आता मुख्य मुद्दा. पाय काढला म्हणजे रोग काढला, असे आमच्या घरी सर्वांना वाटत होते. तसे नाही. रोग ओळखला जातो त्या वेळी दहातील नऊ कुत्र्यांत त्याची सूक्ष्म बीजे रक्तावाटे अन्यत्र, बहुतेक करून फुप्फुसांत, जाऊन पडलेली असतात. मात्र छातीच्या फोटोत ती सुरुवातीला दहातील एखाद्याच कुत्र्यात दिसतात. मोत्याच्या छातीचे फोटो स्वच्छ होते. पाय काढायचा तो वेदना थांबवण्यासाठी, कारण असले हाड सतत ठणकते, औषधांना फारशी दाद देत नाही आणि एखाद्या दिवशी साध्या उडीने मोडते.

कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाची हकिकत येथे आठवते. याच रोगामुळे १९७७ साली, अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पायाने तो कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी देशभर धावावयास निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. १ सप्टेंबर १९८० रोजी खोकला व छातीतील दुखण्यामुळे त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो वारला. रोज मॅरेथॉनएवढे अंतर धावणाऱ्या माणसाची छाती आतून कशी आहे ते बाहेरून दिसत नव्हते. देखरेखीची गरज आहे ती यासाठीच.

आप्पा डॉक्टरांना म्हणाले, "तीन पायांवर तो काय करणार हो साहेब?" डॉक्टर म्हणाले, "आत्ताही तो तीनच पायांवर चालतोय. चौथा नुसता दुखतोय." यावर आप्पांना बोलण्यासारखे काही उरले नाही.

दुसरा प्रश्न केमोथेरपीचा होता. नुसता पाय काढलेल्या कुत्र्यांचे आयुर्मान चार-पाच महिने आणि त्यानंतर कार्बोप्लॅटिनसारखी औषधे दिल्यास दहा ते बारा महिने, असे आकडे आम्हांला सांगण्यात आले. हे आकडे सरासरी नसून मध्यक आहेत. संख्याशास्त्राच्या तासाला मध्यक शिकताना तो मला अगदी निरुपद्रवी वाटला होता. अर्धी कुत्री त्या आधी जातात आणि अर्धी त्यानंतर, एवढाच त्याचा अर्थ. आपला कुत्रा कोणत्या अर्ध्यात, हे तो सांगत नाही. आप्पांनी दर तीन आठवड्यांच्या फेऱ्या, औषधांचा खर्च आणि त्या वर्षीची उसाची उचल यांचा हिशेब एका कागदावर मांडला व केमोथेरपी नको असे ठरवले. तो कागद अजून वहीत आहे. त्यावर मी काही शेरा मारलेला नाही.

ज्यांना ती देता येईल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो, कारण तेथील देखरेख वेगळी असते. प्रत्येक मात्रेपूर्वी रक्ततपासणी होते, आणि औषध दिल्यापासून साधारण एक ते दोन आठवड्यांच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत ताप येणे किंवा कुत्रा मलूल होणे ही वाट पाहण्याची बाब नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. औषधाचा अंश मलमूत्रातून बाहेर पडतो, म्हणून पहिले काही दिवस ते साफ करताना हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्यापासून दूर ठेवावे.

९ मार्चला खांद्याच्या फऱ्यासह पाय काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोत्या उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला आणि दारापर्यंत जाऊन लघवी करून आला. आईला रडू आले. त्याला मात्र जेवण हवे होते. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत तीन पायांवर चालू लागतात, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, तरी आमचा विश्वास बसला नव्हता.

टाके काढेपर्यंतचे पंधरा दिवस वहीत फक्त जखम आहे. रोज सकाळ-संध्याकाळ जखमेच्या कडा जुळलेल्या आहेत का, लाली वाढते का, वास येतो का, पू दिसतो का, हे पाहावयाचे. टाक्यांच्या खाली पाणी साचून मऊ फुगवटा येऊ शकतो. तो बहुधा आपोआप जिरतो, पण गरम लागला किंवा वाढत गेला तर दाखवावा. काळेनिळे डाग खाली छातीकडे उतरतात, त्याने घाबरू नये. जखम चाटू देऊ नये, त्यासाठी गळ्यात नरसाळ्यासारखी पट्टी बांधतात. ताप गुदद्वारात थर्मामीटर ठेवून पाहतात. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, हे ठाऊक नसल्याने पहिल्या दिवशी १०१.६ पाहून मी रात्री साडेदहाला डॉक्टरांना फोन केला होता. त्यांनी रागावण्याऐवजी मला वही घालावयास सांगितले.

औषधांबाबत एक ताकीद. वेदनेसाठी मोत्याला मेलॉक्सिकॅम आणि गॅबापेंटिन दिलेले होते, वजनावरून मोजून. (गिधाडांना मारक ठरलेल्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली जनावरांसाठी बंदी आली, तेव्हा त्याच्या जागी सुचवलेले मेलॉक्सिकॅम ते हेच.) आमच्या आजोबांना सांधेदुखी आहे आणि त्यांच्या गोळ्यांचा डबा सर्वांच्या हाताशी असतो. "माझ्यातली अर्धी गोळी दे की त्याला," असे ते प्रेमाने म्हणत. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या कुत्र्याला आपल्या मनाने कधीही देऊ नयेत. यकृत, मूत्रपिंड व जठर यांवर त्यांचा घात होतो, आणि आधीच मेलॉक्सिकॅम चालू असताना तर दुप्पट. मेलॉक्सिकॅमवर असलेल्या कुत्र्याची विष्ठा डांबरासारखी काळी झाली किंवा त्याला उलट्या सुरू झाल्या, तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारावे. म्हणून विष्ठेचा रकाना वहीत पहिल्यापासून होता. त्यावरून मला बहिणीची बरीच थट्टा सहन करावी लागली.

टाके निघाल्यावर, मार्चच्या अखेरच्या आठवड्यात, खरी वही सुरू झाली. जमाखर्चाच्या वहीत प्रथम आरंभीची शिल्लक मांडतात, तशी मी मोत्याची मांडली. शस्त्रक्रियेपूर्वीचे आकडे आता निरुपयोगी होते. त्याचे आधीचे वजन २६.२ किलो होते, ते २४.६ झाले, पण तो वाळला नव्हता, पायच गेला होता. म्हणून जखम भरून, वेदना थांबून कुत्रा नीट खाऊ-झोपू लागला की सात दिवस सर्व मोजमापे घ्यावीत आणि त्यांनाच आरंभीची शिल्लक मानावे. पुस्तकातील प्रमाण सर्व कुत्र्यांचे असते. आपल्याला पाहावयाचा असतो तो आपल्या कुत्र्याच्या शिलकेतील फरक. ही गोष्ट मी लिहून ठेवली होती आणि तरीही पुढे एकदा तिला चुकलो, ते योग्य ठिकाणी सांगेन.

सर्वांत महत्त्वाचा रकाना झोपेतील श्वासांचा. जागा कुत्रा हुंगतो, धापा टाकतो, माणूस जवळ आले की उत्तेजित होतो. त्याचे श्वास मोजण्यात अर्थ नाही. तो गाढ झोपलेला असताना छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक श्वास, असे ३० सेकंद मोजून दुप्पट करावयाचे. पापण्या फडफडत असतील, पाय हलत असतील, तर तो स्वप्नात आहे. तेव्हा मोजू नये. उन्हाळ्यात दुपारचा आकडा खोटा येतो, म्हणून वेळ पहाटेची ठेवावी. निरोगी कुत्र्याचा आकडा मिनिटाला ३० च्या आत असतो. मोत्याची आरंभीची शिल्लक १७ होती.

मी आठवड्याचे पाच दिवस बेळगावला खोलीवर असे, त्यामुळे पहाटेचे मोजमाप आमच्या मळ्यावर राखणीला असणाऱ्या अज्जांकडे आले. अज्जा कन्नड बोलतात, त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी स्वतःची रीत काढली. मोबाइलमध्ये ३० सेकंदांचा गजर मी लावून दिला होता. गजर होईपर्यंत प्रत्येक श्वासाला एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकावयाचा. मग चिंचोके आईपुढे ओतावयाचे, आणि आईने मोजून दुप्पट करून लिहावयाचे. शनिवारी मी स्वतः मोजून ताळा पाहत असे. अज्जांच्या आणि माझ्या आकड्यांत एकापेक्षा अधिक फरक क्वचितच पडला. रात्रीबद्दल ते जे सांगत तेही आई तसेच्या तसे टिपून ठेवी. 'तिंदिल्ल', म्हणजे खाल्ले नाही. 'मलगिल्ल', म्हणजे झोपला नाही. वेदनेच्या रकान्यात मी जे शहाणपणाचे मथळे आखले होते, त्यांच्यापेक्षा हे दोन शब्द जास्त उपयोगी पडले. कुत्रा दुखते म्हणून ओरडत नाही. तो जागा बदलत राहतो, रात्री बसून राहतो, विनाकारण धापा टाकतो, एकच जागा चाटतो किंवा माणसांपासून दूर जाऊन पडतो. एप्रिलमध्ये दोन-तीन वेळा मोत्या झोपेतून किंचाळून उठला आणि नसलेल्या पायाच्या जागी वळून पाहू लागला. गेलेल्या अवयवाची वेदना माणसांना जाणवते तशी कुत्र्यांनाही जाणवत असावी, असे डॉक्टर मानतात. गॅबापेंटिन काही दिवस वाढवल्यावर ते थांबले.

वजन दर रविवारी. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. तीन पायांच्या कुत्र्याला लठ्ठपणा परवडत नाही, आणि दयेपोटी घरातील प्रत्येक जण त्याला चपातीचा तुकडा देतो. जूनपर्यंत मोत्या २५.९ किलोवर गेला होता, तेव्हा आजीला हात आवरावा लागला. उलट कारणाशिवाय वजन उतरू लागले तर ती धोक्याची सूचना. मुधोळच्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या निरोगीपणीही दिसतात, त्यामुळे नजरेवर विसंबू नये; काटा बरा.

उरलेल्या पायांकडे लक्ष द्यावे लागते. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, म्हणजे एकेका पायावर तीसेक टक्के. त्यातला एक गेला की उरलेल्या पुढच्या पायावर निम्म्याच्या जवळपास भार येतो. म्हणून त्याचे मनगट रोज हाताने चाचपावे, तळव्याच्या गाद्या चिरल्या आहेत का पाहावे, नखे वाढू देऊ नयेत. आमच्या घराला शहाबादी फरशी आहे. पहिल्या आठवड्यात तो दोनदा घसरला, तेव्हा आप्पांनी त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर गोणपाटे अंथरली. ती पावसाळ्यात भिजून कुजकट वास मारू लागली, तरी कोणी काढली नाहीत.

छातीचे फोटो दर दोन महिन्यांनी, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणे, असे तीन बाजूंनी काढतात. एका बाजूने काढल्यास एखादी गाठ लपून राहते. मेचे फोटो स्वच्छ, जुलैचेही स्वच्छ. जुलैत आप्पांनी पेढे आणले. स्वच्छ फोटोचा अर्थ मात्र मर्यादित आहे. अर्धा सेंटिमीटर किंवा थोडी मोठी झाल्याखेरीज गाठ साध्या क्ष-किरणांत दिसत नाही. फोटो त्या दिवसापुरते एवढेच सांगतो की दिसण्याजोगे काही नाही. मला हे ठाऊक होते. पेढा मीही खाल्ला.

आता माझी चूक. ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि मी घरी आलो. मोत्याचे मागचे दोन्ही पाय घोट्यापासून खाली मला जाडसर व किंचित गरम लागले. तो सकाळी उठताना ताठरल्यासारखा चाले. मी 'पाय' या रकान्यात लिहिले : अधिक भारामुळे सूज. आदल्या आठवड्यात पाहुण्यांच्या मुलांबरोबर तो खूप धावला होता, त्यामुळे कारण पटण्यासारखे होते. त्याच पानावर श्वासाच्या रकान्यात चढत गेलेले आकडे आहेत. ते मी पाहिले, आणि ३० च्या आत आहेत म्हणून पान उलटले. आरंभीची शिल्लक १७ होती हे पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

१७ सप्टेंबरला २४ श्वासांचा हिशेब झाला. अज्जांनी ओतलेले बारा चिंचोके आईने दोनदा मोजले आणि मला फोन केला. "अरे, तीसच्या आतच आहे ना?" ती विचारीत होती. तेव्हा मी वहीची मागील पाने फोनवर वाचून घेतली आणि जे दहा दिवस समोर होते ते कळले. फोटोची ठरलेली तारीख महिनाअखेरची होती, आम्ही २० तारखेलाच गेलो. फुप्फुसांत दोन्ही बाजूंना गोल सावल्या होत्या, मोठी सावली लिंबाएवढी.

डॉक्टरांनी मागच्या पायांचाही फोटो घेतला. घोट्याखालच्या हाडांवर बाहेरून नव्या हाडाचा खडबडीत थर चढलेला होता. छातीत गाठी वाढल्या की काही कुत्र्यांच्या पायांच्या हाडांवर असा थर चढतो, पाय सुजतात, दुखतात. कित्येकदा खोकला किंवा दम लागण्याच्याही आधी. पायांत कर्करोग नव्हता, पायांची ती सूज छातीची खबर देत होती. आमच्या पुस्तपालनाच्या सरांनी पहिल्या वर्षी शिकवले होते की, रक्कम बरोबर पण खाते चुकीचे अशी नोंद झाली तरी तेरीज जुळते, आणि म्हणून ती चूक उशिरा सापडते. मी सूज बरोबर पाहिली, बरोबर तारखेला लिहिली, आणि चुकीच्या खात्यावर टाकली.

दहा दिवस आधी गेलो असतो तर काय झाले असते, हे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी खरे उत्तर दिले : रोगाच्या बाबतीत काही नाही. मोत्याच्या बाबतीत, पायांची वेदना दहा दिवस आधी थांबली असती. नवी औषधे सुरू झाल्यावर तो पुन्हा रात्रभर झोपू लागला. त्याआधीच्या आठवड्यात पाच रात्री 'मलगिल्ल' आहे.

पुढे काय मोजावयाचे, हा प्रश्न होता. अमेरिकेतील पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली मांडलेली एक पट्टी डॉक्टरांनी दिली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण द्यावयाचे. एकूण ३५ च्या वर असतील तर जगणे सुसह्य आहे असे समजावयाचे. दर दोन दिवसांनी आम्ही चौघे वेगवेगळे गुण लिहीत असू. आजोबांचे गुण नेहमी जास्त येत. पट्टी चांगली आहे, पण बेरजेवर माझा विश्वास बसला नाही. १६ ऑक्टोबरला मोत्याची बेरीज ४४ आली. तो जेवत होता, शेपूट हलवीत होता, अंगणापर्यंत जात होता. आणि पहिल्या बाबीला, ज्यात वेदनेबरोबर श्वासही धरलेला आहे, आईने ३ गुण दिले होते. त्या बाईंनी पहिल्या बाबीलाच सर्वाधिक महत्त्व दिले आहे. ते वाचून बेरजेच्या आधी ती ओळ पाहावी. झोपेतील श्वास त्या पहाटे ३४ होते. १८ तारखेला ४०. तो आडवा होऊन झोपेनासा झाला होता, मान लांब करून बसून राही. हिरड्या नेहमीच्या गुलाबी रंगाऐवजी फिकट दिसू लागल्या होत्या.

आप्पा वही घेऊन ओसरीवर बराच वेळ बसले. शेवटी म्हणाले, "दम कोंडेपर्यंत थांबायचं नाही." त्यांनीच डॉक्टरांना फोन केला. १९ ऑक्टोबरला सकाळी डॉक्टर मळ्यावर आले. पहिल्या इंजेक्शनने मोत्या कित्येक दिवसांनी आडवा झोपला. अज्जा त्याच्या डोक्यापाशी होते. नंतर दुसरे इंजेक्शन. त्याला आंब्याच्या बांधावर पुरले.

या वर्षी कन्नड विभागातील एका मित्राच्या घरी, लॅब्रॅडोर कुत्रीला हाच रोग निघाला. तिचा मागचा पाय काढला आहे. तो वही मागावयास आला. मूळ वही आईने दिली नाही, म्हणून मी रकाने नव्याने आखून दिले आणि त्याने त्यांचे कन्नड केले. त्यात दोन बदल आहेत. श्वासाच्या रकान्याशेजारी आरंभीच्या शिलकेचा आकडा प्रत्येक पानावर आधीच छापलेला आहे. आणि पायांची सूज हा रकाना पायांच्या खात्यातून काढून छातीच्या खात्यात, श्वासाच्या लगत घेतला आहे. दोन्ही भाषांतील कोरे नमुने ग्रंथालयात ठेवले आहेत. हवे असतील त्यांनी तेथून उतरून घ्यावेत.